"पडशील!" : आपली लहान मुलं दिवसभरात किती हलतात? (नाशिक)

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहूनच टाकते.

माझी लेक साडेचार वर्षांची. आम्ही पाथर्डी फाट्याजवळ सातव्या मजल्यावर राहतो. मी आणि नवरा दोघंही नोकरी करतो, सासूबाई घरी असतात. खाणंपिणं, झोप, शाळा, कशालाच नाव ठेवायला जागा नाही.

दिवाळीच्या सुट्टीत सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावर चार दिवस राहून आलो. मैत्रीण तिथे शिक्षिका आहे. शेजारच्या घरातली, माझ्या लेकीच्याच वयाची एक मुलगी पहिल्याच दिवशी तिची जिवाभावाची झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी भात कापून झालेल्या खाचराकडे गेल्या, मी मागोमाग. खाचराचा बांध जेमतेम माझ्या गुडघ्याएवढा. ती पोरगी अनवाणी पळत आली, बांधावरून खाली उडी, लगेच वळून हाताचा टेकू देत वर, परत उडी. पाच-सहा वेळा. माझी लेक काठावर उभी. एक पाय पुढे, एक मागे, दोन्ही मुठींत फ्रॉक घट्ट धरलेला. आधी खाली बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आई, मी पडेन ना?"

मला पोटात गलबललं. हे वाक्य तिचं नव्हतंच, माझं होतं. मी रोज जे बोलते ते त्या दिवशी तिने माझ्याआधी बोलून टाकलं.

घरी आल्यावर आठवडाभर वही ठेवली. शाळेत साडेतीन तास, त्यातला खेळ वीस मिनिटं, तोही घसरगुंडीसमोर रांगेत उभं राहण्यातच जातो. व्हॅनमध्ये जाऊन-येऊन पाऊण तास. दुपारी मोबाइल बघत जेवण, मग झोप. संध्याकाळी पार्किंगमध्ये अर्धा तास, गाड्या परतायला लागल्या की वर. घरातलं इकडून तिकडे पळणं आणि नाचणं धरूनही दिवसाची बेरीज दीड तासाच्या पुढे जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जे सांगितलंय त्यात ३ ते ४ वर्षांच्या मुलाला दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल हवी, आणि त्यातली किमान ६० मिनिटं धाप लागेल अशी. धाप लागण्याची मिनिटं माझ्या वहीत दहाच्या वर गेली नाहीत.

एका संध्याकाळी सहा ते आठ या वेळात "पडशील", "लागेल", "हळू", "उतर खाली" हे शब्द आम्ही घरातल्या तिघांनी मिळून किती वेळा उच्चारले त्याच्या रेघा मारल्या. ४१ भरल्या.

तुमच्याकडे कसं आहे? जागेचा फरक किती, घरातल्या वळणाचा किती, गावाचा किती? नाशिक शहर, तालुके, बाहेरगाव, कुठूनही लिहा. मला खरंच समजून घ्यायचंय.

त्रिकोणी_बंगला

वही ठेवायची कल्पना आवडली. आमचा मुलगा तीन वर्षांचा, गंगापूर रोडला राहतो. आज संध्याकाळपासून मीही रेघा मारतो.

निवृत्त मुख्यसेविका

गोदाकाठची ताई, तुमचं लिखाण वाचून राहवलं नाही. मी २९ वर्षं एकात्मिक बालविकास योजनेत (अंगणवाड्यांच्या सरकारी योजनेत) काढली, त्यातली बरीचशी पेठ आणि दिंडोरीत.

आधी एक शब्द सांगते. आपण "अंगणवाडी" इतक्या सहज म्हणतो की त्यात अंगण आहे हेच विसरलोय. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला (आताच्या पालघर जिल्ह्यात) बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. वारली मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा काढली, म्हणजे जिथे गुरं चरतात तिथेच शिकणं. मुलाचं हलणंफिरणं थांबवून त्याला बसवायचं, असा विचारच त्यांनी केला नाही. पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला ही सरकारी योजना आली आणि हा शब्द देशभर गेला.

आता मी काय बघितलं ते. पेठ तालुक्यातल्या पाड्यांवर चार वर्षांचं मूल एकटं कधीच नसतं. सात-आठ वर्षांची बहीण किंवा आतेभाऊ त्याला बरोबर नेतो. ओहोळावर खेकडे धरायला, उन्हाळ्यात पहाटे मोहाची फुलं वेचायला, करवंदाच्या जाळीत. ते मागे मागे पळतं, कारण थांबलं तर टोळी पुढे निघून जाते. कुणी त्याला पळ म्हणत नाही आणि पळू नको असंही म्हणत नाही. गावात नाच असेल तर मोठ्यांच्या साखळीत शेवटी दोन-तीन चिमुरडी लोंबकळत असतात, तीही तासभर.

पण हेही लिहिते. साल्टर काट्याच्या झोळीत मूल बसवलं आणि वजन कमी भरलं की आई ठरलेलं वाक्य म्हणायची, "बाई, पळून पळून याच्या अंगी लागत नाही." मी शंभरदा समजावलं असेल. मूल पळतं म्हणून वाळत नाही. उलट पोटात पुरेसं गेलं नाही की ते आधी खेळायचं थांबतं, ओट्यावर गप्प बसून राहतं. काट्याआधी मी हेच बघायचे. अंगणात शिरलं की कोण धावत आलं आणि कोण आलं नाही. जे आलं नाही त्याच्याकडे आधी.

शहरातल्या अंगणवाड्यांचं काय सांगू? वस्तीत दहा बाय बाराची भाड्याची खोली, तीत पोषण आहाराची पोती, वीस-पंचवीस मुलं. सेविका कितीही जीव ओतू दे, धावायचं कुठे?

कसमादेकर

ताई, खेळ आमच्याकडे पंचांगातच होता, असं माझं मत आहे. मी मूळचा सटाण्याकडचा, २५ वर्षं झाली सिडकोत राहतो. आमच्या भागात आखाजीला (अक्षय्य तृतीया) गावोगावी कडुनिंबाला झोके बांधले जायचे. माहेरी आलेल्या पोरींचा सण, पण झोका सगळ्यांचा. तीन वर्षांचं पोर आधी आत्याच्या मांडीवर, पुढच्या वर्षी दोरीला घट्ट धरून एकटं, त्याच्या पुढच्या वर्षी उभं राहून. एकाच झाडावर मूल दरवर्षी थोडं वर चढायचं.

संक्रांतीला पतंग. येवल्यात आसारी (मांज्याची फिरकी) धरून मोठे गच्चीवर आणि कटलेल्या पतंगामागे बारकी पोरं गल्लीत. आम्ही तर पतंग कधी उडवलाच नाही, फक्त पळवला. रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडी (रंगाचे जुने हौद) उघडल्या की मामा मला खांद्यावर बसवून न्यायचे. नागपंचमीला परत झोके, नवरात्रात भोंडला, दिवाळीत किल्ला. किल्ल्यासाठी माती आणायची, चाळायची, तुडवायची, दगड वाहायचे. पाच दिवस पोरं चिखलात. त्याला आम्ही व्यायाम म्हटलं नाही, पण आता मोजलं तर तुमच्या १८० मिनिटांच्या कितीतरी पुढे जाईल.

सिडकोत आमच्या गल्लीच्या टोकाला एक मोकळा प्लॉट होता, त्यात एक निंब. खान्देशातून आलेली आम्ही पाच-सहा घरं दर आखाजीला तिथे झोका बांधायचो. नऊ वर्षांपूर्वी प्लॉटवर इमारत उभी राहिली. माझ्या धाकट्याने आखाजीचा झोका फक्त माझ्या तोंडून ऐकलाय. घराच्या हॉलमध्ये छताला कडी आहे, तिला वेताचा झोपाळा लावलाय. त्यात तो मोबाइल घेऊन बसतो.

किल्ला आता तयार विकत मिळतो. रविवार कारंजाजवळ रांगेने मांडलेले असतात. मला तो बघवत नाही.

हाडंसांधे

मी फिजिओथेरपिस्ट आहे, मुलांबरोबरच काम करते. चार-पाच गोष्टी लिहिते, क्रम लावत नाही.

आपल्याकडची सुरुवात खरंतर उत्तम असते. बाळाची रोज तेल लावून मालिश, हातपाय हलवणं, आडवेतिडवे घेणं. पण त्यानंतर त्याला दुपट्यात घट्ट गुंडाळून पाळण्यात घालतात आणि दिवसभर ते उताणंच राहतं. जागं असताना पालथं घालायला घरचे घाबरतात. वर ज्या शिफारशींचा उल्लेख आलाय त्यांतच आहे की रांगायला न लागलेल्या बाळाला जागेपणी दिवसभरात थोडं थोडं करून किमान ३० मिनिटं पोटावर ठेवावं. मालिशवाल्या मावशींनाच मी सांगते, पाठ चोळून झाली की तसंच पाच मिनिटं राहू द्या. त्या ऐकतात. आयांपेक्षा लवकर ऐकतात.

दुसरं पांगुळगाडा. लाकडी, तीन चाकांचा, मूल स्वतःच्या पायांवर उभं राहून ढकलतं तो. आपल्या सुतारांनी केलेली ही फार शहाणी वस्तू आहे. त्याच्या जागी आलेल्या प्लॅस्टिकच्या वॉकरमध्ये मूल कापडी बैठकीत लोंबकळतं आणि पायाच्या बोटांनी रेटत सुटतं. उभं राहायला जे स्नायू आणि जो तोल लागतो तो त्यात कमवावा लागत नाही. जिन्यावरून पडण्याच्या अपघातांमुळे कॅनडाने २००४ मध्ये या वॉकरवर बंदीच घातली. माझ्याकडे बारशाची भेट म्हणून मिळालेल्या वॉकरमधली बाळं दर आठवड्याला येतात.

तिसरं उकिडवं बसणं. खेड्यातून आलेलं चार वर्षांचं मूल माझ्यासमोर टाचा टेकवून उकिडवं बसतं, खेळता खेळता उठतं, परत बसतं. शहरातल्या बऱ्याच मुलांना टाचा टेकवता येत नाहीत, मागे कलंडतात. जमिनीवरची पंगत गेली, अंगणातली रांगोळी गेली, कमोड आला. कुणाचा दोष म्हणून सांगत नाही, पण ही उठबस दिवसातून पन्नास वेळा आपोआप व्हायची.

आणि गोदाकाठची, तुमच्या शब्दाबद्दल. "पडशील" या शब्दातून मुलाला काहीच कळत नाही. कुठे पडेन, का पडेन, न पडण्यासाठी काय करू? त्याला इतकंच कळतं की मोठ्या माणसाला माझी खात्री वाटत नाही. त्याऐवजी "पाय कुठे ठेवशील?" असं विचारून बघा. किंवा "उजव्या हाताने ती फांदी धर". मूल थांबतं, बघतं आणि मग स्वतः ठरवतं. चार वर्षांच्या मुलाला एका पायावर दोन-चार उड्या जमायला हव्यात. लंगडी घालून बघा, घरातच, फरशीवर खडूने चौकट आखून.

इंदिरानगरची_आजी

मी एरवी फक्त वाचते. नातवाने मराठी कीबोर्ड लावून दिलाय, सावकाश लिहिते आहे.

तुम्ही सगळ्या सुना-मुली "पडशील"बद्दल लिहिता ते बरोबर आहे. पण आजी तसं का म्हणते तेही लिहायला हवं. मी माझी तीन मुलं पंचवटीत वाड्यात वाढवली. गोदेच्या घाटाच्या पायऱ्यांवर ती दिवसभर असायची, गुडघे कायम फुटलेले. हळद दाबायची आणि परत सोडायचं. मी कधी पडशील म्हटलं नाही. तेव्हा ती माझी मुलं होती.

आता सांभाळते ते मुलाचं आणि सुनेचं मूल. ते दोघं सकाळी नऊला विश्वासाने माझ्या हवाली करून जातात. संध्याकाळी पोराच्या कपाळाला टेंगूळ दिसलं तर सून काही बोलत नाही, पण बघते. ते बघणं पुरतं. दुसऱ्या दिवशी मी त्याला सोफ्यावरूनही उडी मारू देत नाही. दुसऱ्याच्या ठेवीसारखा जीव सांभाळावा लागतो. त्यात माझे गुडघे गेलेले. तो पळाला तर मी पोहोचणार नाही, म्हणून तो पळूच नये असं वाटतं. मोबाइल दिला की तो एका जागी बसतो आणि माझा जीव थाऱ्यावर राहतो. चुकीचं आहे हे मला कळतं.

तेव्हा मुलाला मोकळं सोडायचं असेल तर आधी आजीला मोकळं करा. आजीला सांगा की पडला तर पडू द्या, तुम्हाला कुणी काही विचारणार नाही. हे एकदा तोंडाने म्हणा.

गोदाकाठची

काकू, तुमचा प्रतिसाद मी ऑफिसमध्ये वाचला आणि जागेवरून उठून बाहेर गेले.

मागच्या वर्षी लेक कट्ट्यावरून पडली, हनुवटीला तीन टाके पडले. मी दवाखान्यात पोहोचले तेव्हा सासूबाई बाकावर बसल्या होत्या, पदरावर रक्ताचे डाग. मी त्यांना काय विचारलं माहितीये? "तुमचं लक्ष कुठे होतं?" एवढंच. आवाजही चढवला नव्हता. त्या दिवसापासून त्यांनी तिला खाली एकटीने खेळू दिलेलं नाही, हे मला आज, तुमचं वाचून, जोडता आलं. त्या ४१ रेघांत त्यांच्या नावावर सर्वात जास्त होत्या आणि मी मनातल्या मनात त्यांनाच दोष देत होते.

आज घरी जाऊन बोलते.

दिंडोरीकर

धागा चांगला चाललाय, पण एक मुद्दा मांडल्याशिवाय राहवत नाही. गावाकडे राहिलं म्हणजे मूल खेळतं, हे आता खरं नाही.

माझी चार एकर द्राक्षबाग आहे, मळ्यातच घर. मुलगा पाच वर्षांचा. तुम्हाला वाटेल केवढी मोकळीक! छाटणी ऑक्टोबरची झाली की माल निघेपर्यंत बागेत सारख्या फवारण्या. ब्लोअर सुरू असताना आणि त्यानंतरही त्याला बागेकडे फिरकू देत नाही. बागेच्या बाजूला शेततळं. प्लॅस्टिकचा कागद इतका निसरडा की मोठा माणूस आत गेला तर त्याला दोराशिवाय वर येता येत नाही. त्यामुळे त्या दिशेला पाय टाकायचा नाही अशी सक्त ताकीद. दिवस मावळला की बिबट्या. आमच्या शिवारात ऊसही आहे, आणि उसात तो मुक्कामाला असतो. पाच वाजता पोरगा घरात, दाराला कडी. शेजारचं घर अर्धा किलोमीटरवर, खेळायला बरोबरीचं कुणी नाही. मग तो काय करणार? टीव्ही बघतो. नाशिकमधल्या फ्लॅटमधल्या मुलाला निदान शेजार तरी आहे.

आणि पाड्यावरच्या मुलांचं कौतुक जपून करा. तीच माणसं सुगीला आमच्याकडे मजुरीला उतरतात. तान्ह्या बाळाला बागेच्या अँगलला साडीची झोळी, आणि चार वर्षांची पोर झोळीला झोका देत बसलेली. आई घड विरळायला लागली की तिने जागचं हलायचं नाही. ती पाड्यावर असती तर पळाली असती, इथे ती राखणदार आहे. सावरपाड्याची धावपटू कविता राऊत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये पदक घेऊन आली तेव्हा आम्हीही फटाके वाजवले, अभिमान आहेच. पण डोंगर उतरून पाणी आणायला लागणं म्हणजे खेळ नाही. तिच्या पायांत बळ आलं ते तिच्या जिद्दीने. त्या वाटेवरून चालणाऱ्या बाकीच्या शंभर मुलींना नळ हवा होता.

निवृत्त मुख्यसेविका

दिंडोरीकर दादा, झोळीचं तुम्ही लिहिलंत ते अगदी डोळ्यांसमोर आलं. मी अशा मुली पाहिल्यात. थंडीत त्यांना बांधावर उन्हात बसलेलं बघून मी थांबायचे. तुमच्यासारख्या बागायतदाराने हे स्वतःहून लिहिलं याचं मोल आहे. तुमच्या शिवारातल्या अंगणवाडीत हंगामापुरती या मुलांची नावं घालता येतात, सेविकेला सांगा. मजुरांच्या टोळीच्या मुकादमाशी तुम्ही बोललात तर तो ऐकेल, आमचं ऐकत नाही.

दिंडोरीकर

बोलतो. पुढच्या आठवड्यात टोळी येतेय.

शिशुवर्गवाली

मी एका खासगी बालवाडीत शिकवते, नाव लिहीत नाही. एका रो-हाउसमध्ये तीन वर्ग, मागे सिमेंटची दहा-बारा पावलांची मोकळी जागा. लोकांना वाटतं शाळेला मैदान सक्तीचं आहे. शिक्षण हक्क कायद्यात (२००९) मैदानाची अट आहे, पण तो कायदा ६ ते १४ वयासाठी. त्याखालच्या मुलांच्या नुसत्या बालवाडीला ती अट लागत नाही, आणि नेमकं त्याच वयात धावायचं असतं.

पण फक्त जागेवर ढकलून मी मोकळी होणार नाही. गेल्या वर्षी मी ठरवून रोज चाळीस मिनिटं मुलांना बाहेर काढायला लागले. साखळी, विषामृत, शिवाजी म्हणतो, रुमालपाणी. पंधरा दिवसांत पालकांची चिठ्ठी आली : वहीत आज काही लिहिलेलं नाही, फी कशाची घेता? कपडे मळतात म्हणून वेगळी तक्रार. एका आईने सांगितलं, मुलगी उन्हात काळी पडेल. मुलगी तीन वर्षांची!

मुलींचा तर विषय निराळाच. घेरदार फ्रॉक, पायात टकटक वाजणारे बूट, हातात बांगड्या. ती चढायला गेली की फ्रॉक पायात येतो आणि आपण म्हणतो मुलींना चढायला आवडत नाही. मी आता प्रवेशाच्या वेळीच सांगते, शाळेत येताना चड्डी आणि साधे कॅनव्हासचे बूट. हिवाळ्यात तर सगळीच मुलं दोन स्वेटर आणि कानटोपीत इतकी कोंबलेली असतात की हात खांद्यापर्यंत वर जात नाहीत. निफाडला पारा उतरल्याची बातमी आली की दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गात सगळे गाठोडी होऊन येतात. पाच मिनिटं पळवा, आपोआप ऊब येते.

राईनकाठ

मी नाशिकरोडची, सहा वर्षांपासून जर्मनीत फ्रायबुर्गला. शिशुवर्गवाली ताई, कपड्यांवरून आठवलं म्हणून लिहिते.

माझा मुलगा इथल्या वनबालवाडीत जातो. छप्पर म्हणजे एक लाकडी गाडी, तीही वादळात बसायला. बाकी दिवस जंगलात. जर्मनीत अशा बालवाडीला पहिल्यांदा अधिकृत मान्यता मिळाली ती १९९३ मध्ये, फ्लेन्सबुर्ग शहरात. पावसातही मुलं बाहेरच असतात. प्रत्येकाला छातीपर्यंत येणारी रबरी पॅन्ट आणि गमबूट, घरी नेलं की नळाखाली धरायचं. हवा कधी वाईट नसते, कपडे चुकीचे असतात, अशी म्हणच आहे इथे. पहिल्या महिन्यात मी रोज घाबरायचे. तो खोडावर चढायचा आणि बाई लांबून बघत उभ्या. त्यांचा साधा नियम, मुलाला वर उचलून ठेवायचं नाही. स्वतः चढता आलं तेवढंच चढायचं, कारण तेवढंच उतरता येतं.

मात्र जुलैमध्ये नाशिकला आले तेव्हा तो आमच्या बिल्डिंगसमोरच्या डबक्यात उड्या मारायला लागला आणि चार गॅलऱ्यांमधून चार आवाज आले, "अगं, भिजतोय तो, सर्दी होईल!" मी चिडले नाही. इथे सहा वर्षांत माझ्या मुलाकडे कुणी गॅलरीतून वाकून बघितलेलं नाही. ते आवाज आपल्याकडे आहेत, ते गमवायचे नाहीत. फक्त ते दुसरं काही बोलले तर किती बरं होईल.

त्रिकोणी_बंगला

माझ्या आठवड्याच्या रेघा : पहिल्या दिवशी ३३, काल १२. बारा झाल्या तेव्हाही एकदा पडला, गुडघा खरचटला, रडला आणि परत त्याच कठड्यावर गेला.

एक विचारायचं होतं. बिल्डिंगच्या बाजूच्या खुल्या जागेला सोसायटीने कुलूप लावलंय, हिरवळ खराब होते म्हणून. काही करता येतं का?

कसमादेकर

बिल्डिंगच्या मंजूर नकाशाची प्रत काढा. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणे ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर किंवा त्याहून मोठा भूखंड असेल तर १० टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी ठेवावी लागते. तुमची जागा त्यात दाखवली असेल तर ती सगळ्यांची, मुलांची आधी. सभेत नकाशा समोर ठेवून बोला, भांडू नका. आणि हिरवळीचं म्हणाल तर लॉन काढून मुरूम-माती टाका, खर्चही वाचेल.

आमच्याकडे दुसरा तोडगा काढलाय. साडेपाच ते साडेसात पार्किंगच्या मधल्या पट्ट्याच्या दोन्ही टोकांना रिकामी पिंपं ठेवतो. त्या वेळात आलेली गाडी बाहेर रस्त्याकडेला थांबते. सुरुवातीला कुरकुर झाली. आता गाडीवाले काका स्वतःच पिंप सरकवून ठेवतात आणि डब्बा ऐसपैसमध्ये राज्य कुणावर आहे ते विचारतात.

हाडंसांधे

पिंपांची कल्पना फार आवडली. एक सुचवते, त्या वेळात वेगवेगळ्या वयाची मुलं एकत्र राहू द्या. चार वर्षांच्या मुलाला प्रशिक्षक लागत नाही, आठ वर्षांचं मूल लागतं. त्याला लिंबू-टिंबू म्हणून घेतात ना, त्याच्यावर राज्य येत नाही पण तो पळतो सगळ्यांबरोबर, तेच हवं. आजकाल शिबिरांत वयाप्रमाणे गट पाडतात आणि लिंबू-टिंबू कुणालाच माहीत नाही.

गोदाकाठची

बारा दिवसांनी लिहिते आहे.

सासूबाईंशी बोलले. टाक्यांच्या दिवशी जे विचारलं त्याची माफी मागितली. त्या काही वेळ भाजी निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी त्या दिवशी दूध उतू जातंय म्हणून आत गेले होते." वर्षभर त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं.

गेल्या रविवारी आम्ही चौघं पांडवलेणीला गेलो. घरापासून एवढी जवळ, आणि लेक तिथे पहिल्यांदा गेली. दोनशेच्या आसपास पायऱ्या. सासूबाई म्हणाल्या मी खाली बसते, तर लेकीने त्यांचा हात धरून ओढलं. त्या पंचवीसेक पायऱ्या चढल्या, बसल्या, परत चढल्या. वरच्या वळणावर कातळाची एक उंच पायरी आहे, लेकीच्या मांडीएवढी. ती थांबली. मी तोंड उघडलं होतं, त्याआधी मागून सासूबाईंचा आवाज आला, "पाय कुठे ठेवशील?" लेकीने इकडेतिकडे बघितलं, डावीकडे एक खोबण होती, तीत बोटं रोवली, गुडघा टेकवला आणि वर गेली. वर पोहोचून आम्हाला दोघींना सांगायला लागली, "तुम्ही पण तिथेच ठेवा, डावीकडे."

उतरताना दोनदा बुडावर आपटली. फ्रॉक नव्हता, चड्डी होती, ती फाटली.

या रविवारी परत जातोय. कुणाला मुलांना घेऊन यायचं असेल तर सकाळी आठला पायथ्याशी या.

त्रिकोणी_बंगला

आम्ही येतो. बूट घालायचे की अनवाणी?

गोदाकाठची

आठ वाजता पायऱ्या गार असतात, अनवाणी चालेल. नऊनंतर तापतात, म्हणून बूट पिशवीत ठेवा. पाणी आणा.

इंदिरानगरची_आजी

माझे गुडघे पायऱ्यांचे राहिले नाहीत, पण मी येते. खाली बाकावर बसेन. कुणाची बाळं अगदी तान्ही असतील तर माझ्याकडे ठेवा आणि तुम्ही मोठ्यांना घेऊन वर जा.